भिंतीला आतून अस्तर: इन्सुलेटेड प्लास्टरबोर्ड आणि त्यामागची थंड वीट

जानेवारीतल्या एका रविवारी बेडरूममधलं कपाट पुढे ओढलं आणि मागची भिंत दिसली. जमिनीपासून गुडघ्यापर्यंत काळे ठिपके, कोपऱ्यात तर सलग काळा पट्टा. कपाटाच्या तळच्या फळीवर आईने दिलेली नारायणपेठ ठेवली होती. तिच्या घडीच्या कडेला पांढरट बुरा धरला होता आणि मलमलच्या पिशवीला ऐन पावसाळ्यात न वाळलेल्या गोणपाटासारखा वास येत होता.

आमचं घर इंग्लंडमध्ये, रेडिंगला. शंभर वर्षांहून जुनं, ओळीतलं, लाल विटांचं. लाल विटांच्या मधे मधे राखाडी विटा बसवून केलेली नक्षी ही इथल्या जुन्या गल्ल्यांची ओळख आहे. घर घेताना ती नक्षी बघून आम्ही हरखलो होतो. भिंत कशी बांधली आहे हेच ती नक्षी सांगत असते, हे कळायला मात्र आणखी तीन हिवाळे लागले. पहिल्या हिवाळ्यात बुरशी ब्लीचने पुसली, दुसऱ्यात बुरशीरोधक रंग लावला, तिसऱ्यात ती पुन्हा तिथेच आली. इथे जुनं घर घेतलेली ओळखीतली मराठी माणसं आता हिवाळा आला की विचारतात, ‘आतून तो फोमचा बोर्ड लावून घेऊ का?’ या प्रश्नाला हो किंवा नाही असं एका शब्दात उत्तर देता येत नाही, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

आधी आपली भिंत कोणती ते ओळखायचं. बाहेर जाऊन विटा बघा. विटेची लांब बाजू आणि विटेचं टोक अशी आलटून पालटून रचना दिसली, तर बहुधा भिंत भरीव आहे. टोक दिसतं याचा अर्थ ती वीट भिंतीत आडवी घुसलेली आहे आणि बाहेरचा थर आतल्या थराला बांधून धरते आहे. आमच्याकडच्या राखाडी विटा म्हणजे हीच टोकं. अशी भिंत नऊ इंच, म्हणजे साधारण २२५ मिलिमीटर जाड असते आणि तिच्यात पोकळी नसते. सगळ्या विटांची फक्त लांब बाजू दिसत असेल तर बहुधा दोन थर आणि मधे पोकळी. १९२० ते ३० च्या दशकांपासून इंग्लंडमध्ये ही पद्धत रूढ होत गेली. खात्री करायची असेल तर दाराच्या चौकटीपाशी टेप लावून जाडी मोजा: गिलाव्यासकट अडीचशेच्या आसपास भरली तर भरीव, पावणेतीनशेच्या पुढे गेली तर पोकळीची. पोकळीच्या भिंतीत आधी पोकळी भरण्याचा विचार करतात, तो विषय वेगळा. हा लेख भरीव भिंतीबद्दल आहे.

भिंत किती उष्णता बाहेर सोडते ते मोजण्यासाठी इथे ‘यू-व्हॅल्यू’ वापरतात. आत आणि बाहेर एका अंशाचा फरक असताना एक चौरस मीटर भिंतीतून जितके वॅट उष्णता निसटते, ती तिची यू-व्हॅल्यू. आकडा जितका लहान तितकी भिंत चांगली. नऊ इंची भरीव भिंतीचं कागदावरचं गणित केलं तर साधारण २ येतं. सरकारी ऊर्जा-प्रमाणपत्रात पूर्वी २.१ धरत. प्रत्यक्ष घरांमध्ये मोजमापं झाल्यावर जुन्या भिंती तेवढ्या वाईट नाहीत असं दिसलं आणि तो आकडा १.७ वर आणला. पुढची गणितं मी २ धरूनच करते, कारण ती समजायला सोपी जातात. प्रत्यक्षातली बचत त्याहून थोडी कमी असते एवढं लक्षात ठेवा.

चार मीटर लांब, अडीच मीटर उंच अशी एक बाहेरची भिंत घ्या, म्हणजे दहा चौरस मीटर. आत २० अंश, बाहेर शून्य. दोन गुणिले दहा गुणिले वीस म्हणजे ४०० वॅट. त्या थंडीत रात्रंदिवस एवढी उष्णता त्या एका भिंतीतून गल्लीत जाते. पण बुरशीच्या दृष्टीने महत्त्वाचा आकडा आणखी एक आहे. अशा वेळी भिंतीचा आतला पृष्ठभाग २० अंशावर नसतो, तो पंधराच्या जरा खाली असतो. फ्रिजमधल्या गार पाण्याने तांब्या भरला की बाहेरून त्याला घाम फुटतो. हवेतली वाफ थंड धातूला टेकून पाणी होते. भिंतीचंही तसंच, फक्त बुरशीला थेंब सुटेपर्यंत थांबावं लागत नाही. पृष्ठभागालगतच्या हवेची आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर बराच काळ राहिली की तिला तेवढं पुरतं. खोलीत २० अंशाला ६० टक्के आर्द्रता असेल, तर तीच हवा पंधरा अंशांच्या भिंतीला टेकल्यावर तिची आर्द्रता ८० च्या पुढे जाते. खोलीत सगळं ठीक वाटत असतं आणि भिंतीलगत मात्र पावसाळा चालू असतो.

आता बोर्डाकडे वळू. आपल्याकडे फॉल्स सीलिंगला जो जिप्सम बोर्ड वापरतात, तोच इथला प्लास्टरबोर्ड. त्याच्या पाठीला कारखान्यातच कडक फोमचा थर चिकटवला की झाला इन्सुलेटेड प्लास्टरबोर्ड. नेहमीचं माप २४०० बाय १२०० मिलिमीटर, पुढचा जिप्सम बहुतेक वेळा साडेबारा मिलिमीटर. मागचा फोम तीन-चार प्रकारचा मिळतो. पीआयआर नावाचा पिवळसर फोम सगळ्यात जास्त खपतो, त्याच्या दोन्ही अंगांना बहुधा चकचकीत फॉइल असते. फिनॉलिक फोम त्याहून थोडा सरस. साधा पांढरा थर्मोकोल, म्हणजे ईपीएस, स्वस्त पडतो, पण तेवढाच परिणाम हवा असेल तर तो दीडपट-पावणेदोनपट जाड घ्यावा लागतो. दुकानात लिहिलेली जाडी जिप्सम धरून असते: ६२.५ म्हणजे ५० फोम आणि १२.५ जिप्सम.

किती जाड घ्यायचा? पीआयआर धरून गणित सांगते. काहीच नसताना यू-व्हॅल्यू २. पंचवीस मिलिमीटर फोम लावला की ती ०.६ च्या खाली येते. पन्नास लावला की ०.३५ च्या आसपास, साठला ०.३०. शंभर लावला तरी ०.२० च्या जवळपासच थांबते. म्हणजे पहिल्या पंचवीस मिलिमीटरने ४०० वॅटचे १२० होतात, पुढच्या पंचवीसने १२० चे ७०, आणि त्यानंतरचे दहा वॅट मिळवायला आणखी एक सेंटीमीटर खोली द्यावी लागते. पहिली गोधडी अंगावर घेतल्यावर जेवढी ऊब जाणवते तेवढी चौथीने जाणवत नाही. इंग्लंडच्या इमारत नियमांत जुनी भिंत सुधारताना ०.३० हे लक्ष्य दिलेलं आहे. पण खोलीचं क्षेत्रफळ पाच टक्क्यांहून जास्त कमी होणार असेल, किंवा खर्च १५ वर्षांत वसूल होणार नसेल, किंवा तांत्रिक अडचण असेल, तर त्याहून कमीवर भागवता येतं. ही सवलत महत्त्वाची आहे, कारण जुन्या भिंतीवर जास्त जाड म्हणजे जास्त चांगलं असं नसतं. ते का, हा या सगळ्या विषयाचा गाभा आहे.

बोर्ड लावल्यावर खोली उबदार होते, पण भिंत उबदार होत नाही. भिंत जास्त थंड होते.

आधी खोलीतली उष्णता विटांमधून वाहत बाहेर जात होती, त्या वाटेवर ती विटाही थोड्या तापवत होती. आता फोमने ती वाट अडवली. तेच उदाहरण घ्या: आत २०, बाहेर शून्य, पन्नास मिलिमीटर पीआयआर. बोर्डाचा खोलीकडचा पृष्ठभाग १९ अंशांच्या वर आला, छान झालं. पण बोर्डामागचा जुना गिलावा, जो आधी पंधराच्या जवळ होता, तो आता अडीच अंशांवर उतरला. खोलीतल्या त्याच ६० टक्के आर्द्रतेच्या हवेतलं पाणी बारा अंशांना सुटायला लागतं. ती हवा जर कुठल्या फटीतून बोर्डामागे पोचली, तर तिथे नुसती दमट हवा राहत नाही, पाणी होतं. ते दिसत नाही, पुसता येत नाही आणि वाळायला तिथे ऊनही नाही, वाराही नाही.

आमच्या कपाटाने नेमकं हेच केलं होतं. कपड्यांनी गच्च भरलेलं लाकडी कपाट म्हणजे एक जाडजूड इन्सुलेशनच. त्याने मागची भिंत थंड ठेवली, आणि वरून-खालून दोन बोटं जागा असल्याने खोलीची हवा मागे जात राहिली. म्हणून उघड्या भिंतीवर काही नाही आणि कपाटामागे काळं. चुकीचा लावलेला बोर्ड म्हणजे खोलीभर लांबीचं, कधीच पुढे न ओढता येणारं कपाट.

हे मी ऐकीव सांगत नाही. मागच्या खोलीत आम्ही एका कारागिराकडून बोर्ड लावून घेतले होते. त्याने दोन दिवसांत काम उरकलं, गिलावा आरशासारखा केला. दुसऱ्या हिवाळ्यात स्कर्टिंगपाशी पुन्हा तो गोणपाटाचा वास. शेवटी एक बोर्ड उचकटला. मागे जुना वॉलपेपर तसाच होता, त्यावर जिप्समच्या मालाचे गोळे थापून बोर्ड चिकटवलेला. गोळ्यांच्या मधे दीड सेंटीमीटरची मोकळी जागा, खाली फरशीच्या फळ्यांपासून वर छतापर्यंत सलग. वॉलपेपर काळा पडून लोंबत होता. बोट लावलं तर लगदा.

गोळे थापून बोर्ड चिकटवणं, ज्याला इथे ‘डॉट अँड डॅब’ म्हणतात, ही पद्धत मुळात वाईट नाही. पण नुसते गोळे ठेवले तर मागची पोकळी सगळ्या घराशी जोडली जाते. सॉकेटच्या भोकातून, स्कर्टिंगखालून, छताच्या कडेने हवा आत-बाहेर करत राहते. म्हणून प्रत्येक बोर्डाच्या चारही कडांना, खिडकीभोवती, सॉकेटभोवती मालाचा सलग, न तुटणारा पट्टा हवाच. मधे गोळे, कडेला सलग पट्टा. बोर्ड बनवणाऱ्या कंपन्यांच्या पत्रकातही हेच लिहिलेलं असतं. आणि नेमकं हेच काम घाईत गाळलं जातं, कारण बोर्ड बसला की ते दिसत नाही. काम दुसऱ्याला दिलं असेल तर पहिला बोर्ड भिंतीला टेकवण्याआधी तिथे उभे राहा आणि पट्टा बघा. बाकी सगळ्या दिवशी ऑफिसला गेलात तरी चालेल.

पण माल कालवण्याच्या आधीची तयारी जास्त दिवस खाते. भिंत कोरडी आहे का? वाफेची ओल वेगळी आणि पावसाची ओल वेगळी. पन्हळ गळते का, उतरत्या पाइपच्या मागे विटा हिरव्या झाल्या आहेत का, विटांमधल्या दर्जा, म्हणजे सांध्यांतला माल, मोकळ्या झाल्या आहेत का, बाहेरची जमीन किंवा फरसबंदी घराच्या आतल्या फरशीच्या वर आली आहे का, हे सगळं आधी पाहून दुरुस्त करायचं. पूर्वी कोणी चुन्याच्या दर्जांवर सिमेंट भरून ठेवलं असेल तर तेही पाहा. चुना भिंतीत शिरलेलं पाणी सहज बाहेर सोडतो, सिमेंट ते अडवून धरतं आणि वीट भिजत राहते. ओली भिंत वाळायला वेळ लागतो. जाडीच्या दर इंचाला एक महिना असा जुना ठोकताळा आहे, म्हणजे नऊ इंचांना नऊ महिने. ओल्या भिंतीवर फॉइलचा बोर्ड ठोकणं म्हणजे ओला टॉवेल प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवणं.

जुना वॉलपेपर पूर्ण काढायचा, कारण कागद आणि खळ हे बुरशीचं अन्न आहे. भुसभुशीत गिलावा खरवडून काढायचा, खड्डे भरायचे. छतावर किंवा भिंतीवर नक्षीदार खरबरीत लेप असेल तर तो घासू नका. ब्रिटनमध्ये ॲस्बेस्टॉसवर पूर्ण बंदी १९९९ साली आली. त्याआधीच्या अशा लेपांत ते असू शकतं, तेव्हा आधी नमुना तपासून घ्यायचा.

लावण्याचं काम दोघांचं आहे. एका बोर्डाचं वजन तीस किलोच्या आसपास जातं. बारीक दातांच्या करवतीने कापायचा, नाकाला मास्क, कारण फोमचा भुसा बारीक असतो. बोर्ड जमिनीपासून बोटभर वर ठेवतात आणि ती फट नंतर फोमने भरून घेतात, म्हणजे फरशीवर पाणी सांडलं तर जिप्सम ते शोषत नाही. सरळ लाकडी पट्टीने हलके ठोके देत, पाणसळ लावत बोर्ड ओळंब्यात आणायचा. माल सुकल्यावर प्रत्येक बोर्डाला दोन-तीन लांब ठोकखिळे, बोर्डातून थेट विटेत. फोम जळू शकतो. पुढचा जिप्सम त्याला आगीपासून काही वेळ वाचवतो, पण आगीत चिकटवलेला थर सुटला तर अख्खा बोर्ड खाली येऊ शकतो. खिळे त्यासाठी असतात. म्हणून ते ‘नंतर बघू’ असं सोडायचे नाहीत, आणि फोम कुठेही जिप्समशिवाय उघडा ठेवायचा नाही.

सांधे टेपने बंद करून वरून दोन-तीन मिलिमीटरचा गिलावा. इथवर ज्याला हातोडी धरता येते तो करू शकतो. खरी परीक्षा कडांची.

मधल्या सपाट भिंतीवर बोर्ड लागला की उरलेली थंडी कडांवर गोळा होते. वाफेला सगळ्यात थंड जागा बरोबर सापडते. खिडकीच्या दोन्ही बाजूंना जिथे भिंतीची जाडी दिसते, तिथे काहीच लावलं नाही, तर आधी भिंतभर विखुरलेली बुरशी आता त्या चार इंचांत एकवटते. पण तिथे जागा नसते. चौकट जेमतेम बोटभर दिसत असते, आणि पन्नासचा बोर्ड लावला तर खिडकी उघडायची नाही. उपाय असा: तिथला जुना गिलावा विटेपर्यंत काढा, त्यातून दीड-दोन सेंटीमीटर मिळतात, आणि तेवढ्यात बसेल असा पातळ इन्सुलेशनचा बोर्ड लावा. वीस मिलिमीटर फोमसुद्धा तिथे पुष्कळ काम करतो. खिडकीच्या खालच्या फळीखालीही हेच. बाहेरच्या भिंतीला जिथे आतली किंवा शेजाऱ्याशी सामाईक भिंत काटकोनात मिळते, त्या कोपऱ्यातून थंडी आत वळते. तिथे बोर्ड कोपऱ्यावरून वळवून आतल्या भिंतीवरही फूट-दीड फूट न्यावा असा सल्ला देतात. दिसायला पायरी दिसते, पण कोपरा वाचतो.

माझ्या मते सगळ्यात जास्त काळजीची जागा मात्र खोलीत उभं राहून दिसतच नाही. जुन्या घरात वरच्या मजल्याची फरशी लाकडी वाशांवर असते आणि अनेकदा त्या वाशांची टोकं बाहेरच्या भिंतीत घुसवलेली असतात. आजवर खोलीची ऊब विटांतून जाताना ती टोकं कोरडी ठेवत होती. बोर्ड लागला, वीट थंड झाली, बाहेरून पावसाने ती भिजली, आणि आता ते लाकूड थंड ओल्या विटेत अडकून बसतं. लाकडातलं पाणी २० टक्क्यांच्या वर राहायला लागलं की कुजण्याचा धोका सुरू होतो. म्हणून भिंतीलगतची एक फळी उचला आणि वासे कोणत्या दिशेला जातात ते डोळ्यांनी बघा. वासे तुमच्या भिंतीला समांतर असतील तर चिंता बरीच कमी. टोकं भिंतीत असतील तर लाकडात सुया टोचून ओल मोजणारं छोटं यंत्र मिळतं, त्याने आधी मोजा. वाशांमधली भिंतही इन्सुलेट करा, प्रत्येक वाशाभोवतीची फट हवा जाणार नाही अशी टेपने बंद करा, आणि फोमची जाडी जरा कमी ठेवा. विटेला थोडी ऊब मिळू द्या. पूर्वेकडच्या भिंतीत मी हे केलं. पश्चिमेच्या भिंतीत वासे शिरत असते तर मी फॉइलचा फोम लावलाच नसता.

कारण ब्रिटनमध्ये पाऊस मुख्यतः नैर्ऋत्य-पश्चिमेच्या वाऱ्यासोबत भिंतीवर आपटतो. भिजलेली भरीव भिंत दोन्ही बाजूंनी वाळत असते. आतून फॉइल लावली की एक बाजू कायमची बंद. वर ती थंड झालेली, म्हणजे वाळणं आणखी मंद, आणि विटेत साठलेलं पाणी गोठलं तर विटेचा पापुद्राही सुटतो. अशा भिंतींसाठी दुसरी पद्धत आहे: लाकडाच्या तंतूंचे बोर्ड किंवा कॅल्शियम सिलिकेटचे बोर्ड, भिंतीला पूर्ण चिकटवून, मागे पोकळी न ठेवता, वरून चुन्याचा गिलावा. हे पदार्थ वाफ थोडी शोषतात, थोडी सोडतात. जुन्या वास्तूंच्या जतनाबद्दल सल्ला देणारी हिस्टॉरिक इंग्लंड ही संस्थाही भरीव भिंतींसाठी अशाच, वाफ आरपार जाऊ देणाऱ्या पदार्थांच्या बाजूने आहे. तेवढाच परिणाम मिळवायला जाडी जास्त लागते, पैसेही जास्त आणि चुन्याचं काम येणारा कारागीर शोधावा लागतो. तरी पाऊस झेलणाऱ्या भिंतीसाठी मी तेच निवडेन.

विजेचं काम स्वतः करू नका. सॉकेटचे डबे नव्या पृष्ठभागापर्यंत पुढे आणावे लागतात. वायर फोममध्ये गाडली गेली तर तिची उष्णता बाहेर पडत नाही, विजेवरच्या शॉवरच्या किंवा विजेच्या शेगडीच्या जाड वायरीला तर हे धोक्याचं. शिवाय वायरीचं पीव्हीसी आणि थर्मोकोल एकमेकांना टेकून राहिले तर पीव्हीसी हळूहळू कडक होऊन तडकतं. शक्य असेल तर बाहेरच्या भिंतीवरचे सॉकेट आतल्या भिंतीवर हलवून घ्या. तेवढी भोकं कमी. गॅसवर चालणाऱ्या उपकरणासाठी भिंतीत ठेवलेली हवेची जाळी कधीही झाकू नका.

आणि देव्हारा. आमचा सागवानी, भिंतीवर टांगायचा, चौदा किलोचा. फोमवरच्या जिप्समला असं वजन पेलत नाही, आणि लांब लोखंडी खिळे विटेपर्यंत नेले तर प्रत्येक खिळा थंडीला आत यायची वाट होतो. म्हणून जिथे रेडिएटर, टीव्ही, स्वयंपाकघरातली कपाटं किंवा देव्हारा येणार, त्या जागा आधीच खडूने आखा आणि तिथे बोर्डात फोमच्या जागी लाकडाचा ठोकळा बसवून घ्या. बोर्ड लागल्यावर आठवण झाली तर उशीर झालेला असतो. आमचा देव्हारा मधल्या भिंतीवर गेला.

परवानग्यांचं थोडक्यात: खोलीतली निम्म्याहून जास्त बाहेरची भिंत नव्याने करणार असाल तर इमारत नियम लागू होतात, स्थानिक कौन्सिलच्या बिल्डिंग कंट्रोलला आधी कळवा. वारसा यादीतलं घर असेल तर आतल्या कामालाही संमती लागते. लीजवरच्या फ्लॅटमध्ये मूळ मालकाची.

सरकारी योजनेतून फुकट काम होतंय म्हणून डोळे मिटून होकार देऊ नका. सरकारी खर्च तपासणाऱ्या ब्रिटनच्या नॅशनल ऑडिट ऑफिसने ऑक्टोबर २०२५ मध्ये सरकारी ऊर्जा योजनांखाली झालेल्या भिंतींच्या इन्सुलेशनवर अहवाल दिला. बाहेरून केलेल्या कामांपैकी ९८ टक्के आणि आतून केलेल्या कामांपैकी २९ टक्के घरांमध्ये दुरुस्ती करावीच लागेल असे मोठे दोष असल्याचा अंदाज त्यात आहे. बुरशी म्हणजे फक्त भिंतीचं सौंदर्य जाणं नव्हे. २०२० मध्ये रॉचडेलमध्ये दोन वर्षांचा अवाब इशाक घरातल्या बुरशीमुळे श्वसनाच्या आजाराने दगावला. त्याच्या नावाचा कायदा ऑक्टोबर २०२५ पासून इंग्लंडमधल्या सामाजिक घरांना, म्हणजे कौन्सिल किंवा गृहसंस्था भाड्याने देतात त्या घरांना, लागू झाला आहे. लहान मूल किंवा दमेकरी घरात असेल तर बोर्डाच्या गणिताआधी बुरशीचा बंदोबस्त करा.

तो बंदोबस्त मुळात वाफेचा असतो. आपलं स्वयंपाकघर वाफाळतं असतं. कुकरच्या शिट्ट्या, उकडीचे मोदक, दोन वेळचा चहा, वर हिवाळ्यात रेडिएटरवर वाळत घातलेले कपडे. चार माणसांचं घर दिवसाला दहा लिटरच्या आसपास पाणी हवेत सोडतं. बोर्ड लावताना आपण घरातल्या फटी बुजवतो, म्हणजे ही वाफ बाहेर पडायच्या जुन्या चोरवाटाही बंद करतो. त्यामुळे ओट्यावरचा पंखा हवा गाळून परत खोलीत सोडणारा नको, थेट बाहेर फेकणारा हवा: नियमात शेगडीच्या वर सेकंदाला ३० लिटर, न्हाणीघरात १५ लिटर. आंघोळ झाल्यावरही तो वीस मिनिटं चालू राहू द्या. दहा-बारा पौंडांचा आर्द्रतामापक आणून खोलीत ठेवा. साठच्या वर आकडा रेंगाळत असेल तर भिंत नंतर, पंखा आधी.

पुण्या-नागपूरहून नातेवाईक विचारतात, ‘आमच्याकडे उन्हाळ्यात लावू का हे?’ तिथलं गणित वेगळं आहे. तिथे सगळ्यात जास्त ऊन गच्ची खाते, मग पश्चिमेची भिंत. अस्तर बाहेरून घातलेलं बरं, कारण ऊन विटेत शिरायच्या आत अडवायचं असतं. कोकणात किंवा मुंबईत तर वाफ उलट्या दिशेने चालते: बाहेर दमट, आत एसीने गार. इंग्लंडमधली आतल्या फॉइलची पद्धत तिथे उचलून नेली तर पाणी भिंतीच्या भलत्याच बाजूला साठेल.

मागच्या खोलीचे बोर्ड आम्ही सगळे काढले. भिंत एक अख्खा उन्हाळा उघडी ठेवली, पन्हळ बदलली, आणि पुढच्या वर्षी पुन्हा बसवले, चारही कडांना सलग पट्टा भरून. काम नीट झालं का ते तपासायला महागडं यंत्र लागत नाही. बाहेर जोराचा वारा असेल असा दिवस निवडा. खिडक्या बंद करा, ओट्यावरचा पंखा पूर्ण वेगात लावा, म्हणजे घर बाहेरची हवा ओढायला लागतं. मग एक उदबत्ती पेटवून स्कर्टिंगच्या कडेने, सॉकेटच्या चारही बाजूंनी, खिडकीच्या फळीखालून सावकाश फिरवा. धूर सरळ वर चढत राहिला तर तिथे फट नाही. आमच्याकडे एका सॉकेटपाशी तो खोलीच्या दिशेने एकदम आडवा झाला. झाकण काढलं, डब्यामागे पेन्सिल जाईल एवढं भोक उरलं होतं. इलेक्ट्रिशियनला बोलावून ते बुजवलं आणि उदबत्ती पुन्हा धरली.